तीन वाजता दयाळ

शंकेखोर : बटणांचा साधा फोन आणि तासातासाला पक्षी बोलणारं भिंतीवरचं घड्याळ, या दोन्हींची तुम्ही एका दमात तारीफ करता, ते मला पटत नाही. फोनचं मी समजू शकतो. 2003 साली नोकियाचा 1100 आला, त्याच वर्षी आपल्याकडे इनकमिंग फुकट झालं, आणि ज्यांच्या घरी लँडलाइनची तार कधी पोचलीच नव्हती अशी माणसं स्वतःच्या फोनवर बोलू लागली. टॉर्च होती, कीपॅडमध्ये धूळ जात नव्हती, चार्जिंग कित्येक दिवस पुरायचं. जगभरात पंचवीस कोटींवर नग खपले, ते काही हौसेखातर नव्हेत. अगदी 2023 मध्ये जिओभारत 999 रुपयांना आला, तोही एका गरजेला धरूनच. घड्याळ कोणाच्या गरजेला धरून आलं? इंग्लंडमधल्या बागांत येणारे बारा पक्षी बारा आकड्यांवर बसवायचे. समजा एकला रॉबिन, दोनला ब्लॅकबर्ड, तीनला चॅफिंच. मुलगा लेस्टरहून सुट्टीला येताना ते घेऊन येतो आणि कोथरूडला आईच्या हॉलमध्ये ब्लॅकबर्ड गायला लागतो. खिडकीबाहेर कडुलिंबावर दयाळ बसलेला असतो, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आल्यागेल्याला मात्र घड्याळ आवर्जून ऐकवलं जातं, तास भरेपर्यंत थांबवून.

हौशी : गरज आणि हौस यांच्यात तुम्ही फार लवकर भिंत घातलीत. 1100 घेतलेल्या माणसानं पहिल्या आठवड्यात काय केलं, आठवा. रिंगटोन बदलून पाहिली, एकेक करून सगळ्या. पुढे मोठ्या आवाजाचे चायना मोबाइल आले, तेव्हा बाजारातल्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायची रीत पडली. इंटरनेट म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांनीही ती पाळली. स्वस्त वस्तू हातात आली की माणूस तिच्याकडून आधी काम मागतो आणि लगेच आनंद मागतो, त्यात वेळ जात नाही.

आणि एक तांत्रिक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही. स्वस्त स्पीकर म्हणजे नाण्याएवढी चकती. तिच्यातून डग्ग्याची घुमक निघत नाही, पुरुषी खर्ज निघत नाही. पण दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा ही तिची हक्काची जागा. माणसाचा कानही साधारण दोन ते पाच हजारांच्या दरम्यान सर्वांत तिखट असतो. आणि बागेतले बरेच पक्षी याच पट्ट्यात गातात. म्हणजे इतक्या स्वस्त यंत्राला जगातलं एखादं संगीत धड वाजवता येत असेल, तर ते पक्ष्याचं. तिथे गरिबाच्या वाट्याला निकृष्ट नक्कल येत नाही, जवळजवळ पूर्ण गाणं येतं. दहा बाय दहाच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या माणसासमोर समोरच्या इमारतीची भिंत असते. कडुलिंबावरचा दयाळ ऐका असं त्याला सांगणं सोपं आहे. कडुलिंब आणून देणार आहात का?

शंकेखोर : नाही देऊ शकत. पण त्याला जे ऐकवलं जातं ते ‘जवळजवळ पूर्ण गाणं’ असतं, हे मान्य नाही. स्वर पूर्ण असतील. दयाळ पहाटे गातो तो शेजारच्या दयाळाला उद्देशून, की ही हद्द माझी आहे, आणि मादीला उद्देशून, की मी अजून इथे आहे. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत त्याचा गळा खुलतो. हिवाळ्यात तोच पक्षी कुंपणावरून गपचूप टुणटुणत असतो. पावशा वैशाखात ओरडतो तेव्हा ‘पेरते व्हा’ ऐकणारा शेतकरी आभाळाकडे बघतो. आवाजाला ऋतू आहे, वेळ आहे, पत्ता आहे. घड्याळानं तिन्ही काढून टाकलं. उद्या देशी पक्ष्यांचं घड्याळ आलं तरी तेच: डिसेंबरात, दुपारी तीन वाजता, भिंतीवर दयाळ, कोणालाच उद्देशून नाही. तुमच्या त्या अंथरुणावरच्या माणसाला मी कमी लेखत नाही, पण त्याला मिळालं ते पत्र होतं की नुसता पोस्टाचा शिक्का?

हौशी : आपल्याला उद्देशून तर ते कधीच नव्हतं. झाडावरचंही नाही. आपण माणसं पहिल्यापासून दुसऱ्याची पत्रं चोरून वाचतो आहोत, आणि पावशाच्या ओरडण्यात पेरणीचा निरोप ऐकणारा शेतकरीही तेच करतो. पावशाला पेरणीशी काय देणंघेणं? कावळ्यांना जसा कोकीळ फसवतो तसा तो सातभाईंना फसवून त्यांच्या घरट्यात अंडी घालायच्या खटपटीत असतो. ऋतू आपण त्याच्या आवाजात घातला, तसा तास घड्याळवाल्यानं घातला.

यंत्राचं म्हणाल तर पक्षी आणि यंत्र यांचा संसार जुना आहे. पक्ष्याच्या आवाजाचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण 1889 चं, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचं. लुडविग कॉख नावाच्या जेमतेम आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनी एडिसनचा फोनोग्राफ दिला आणि त्यानं मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातला एक पक्षी मुद्रित केला. कोणता? शामा. आपल्या सह्याद्रीच्या दाट रानांत, ओढ्याकाठी गाणारा शामा. जगातला पहिला ध्वनिमुद्रित पक्षी आपल्याकडच्या जातीचा आहे, आणि तो गायला तेव्हा आपल्या रानापासून हजारो मैल लांब, दिवाणखान्यात होता. हाच कॉख पुढे 1936 मध्ये नाझींच्या जाचातून निसटून इंग्लंडला गेला आणि तिथल्या पक्ष्यांचे आवाज त्यानं तबकड्यांवर, मग बीबीसीवर आणले. इंग्रजांना त्यांच्याच बागांतले पक्षी कान देऊन ऐकायला लावण्यात या निर्वासिताचा वाटा मोठा. तुमच्या त्या लेस्टरच्या घड्याळाची वंशावळ तिथे जाते. अशा आवाजाला तुम्ही पत्ता विचारता?

शंकेखोर : विचारतो, कारण तुम्ही सांगितलेल्या गोष्टीतच पिंजरा आहे. आणि त्याच्याही आधीचं सांगतो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये सेरिनेट नावाची एक छोटी पेटी मिळायची. हँडल फिरवलं की ठरावीक चाल वाजायची, आणि ती पिंजऱ्यातल्या कॅनरीपुढे पुन्हापुन्हा वाजवायची, म्हणजे पक्षी माणसाची चाल शिकायचा. यंत्रानं पक्ष्याचा आवाज मुद्रित करण्याच्या कितीतरी आधी पक्ष्याला यंत्राची नक्कल करायला लावली गेली होती. आज युरोपातल्या शहरांत स्टार्लिंग पक्षी मोबाइलच्या रिंगटोन हुबेहूब काढतात. वर्तुळ पुरं झालं म्हणून तुम्हाला गंमत वाटेल. मला त्यात असं दिसतं, की आवाजाच्या या देवघेवीत हुकूम नेहमी एकाच बाजूचा चालतो.

बीबीसीचं नाव काढलंत तर तेही पुरं सांगा. 19 मे 1924 च्या रात्री सरे परगण्यातल्या ऑक्स्टेड गावी बिअॅट्रिस हॅरिसन या चेलोवादिकेच्या बागेतून नाइटिंगेलचं गाणं थेट प्रक्षेपित झालं, तिच्या चेलोच्या साथीनं. लोक इतके वेडे झाले की पुढे दरवर्षी ते होत राहिलं. 1942 मध्ये मायक्रोफोननं जर्मनीकडे निघालेल्या बॉम्बर विमानांची घरघर पकडली आणि शत्रूला सुगावा लागेल म्हणून प्रक्षेपण तोडावं लागलं. अलीकडे तर असाही वाद निघाला, की त्या पहिल्या रात्री गायला तो पक्षी होता, की ऐनवेळी पक्षी गप्प बसेल या भीतीनं आणलेली नक्कल करणारी कलाकार होती. आता नाइटिंगेल ब्रिटनमधून गेल्या पन्नासेक वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास घटला आहे. शंभर वर्षांपूर्वी अख्ख्या देशानं रेडिओला कान लावून तो ऐकला. ऐकण्यानं काय वाचलं?

हौशी : ऐकण्यानं वाचतं असं मी म्हटलंच नाही. नाइटिंगेलचं झुडपी रान तोडलं गेलं, हरणांनी खालची पालवी खाल्ली, हिवाळ्यात तो आफ्रिकेत जातो तिथेही बदल झाले. रेडिओला या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. पण ऐकल्याशिवाय वाचवायला कोणी येतं का? ज्याला नाइटिंगेल म्हणजे काय ते माहीत आहे त्यालाच तो घटल्याचं कळतं. नव्वद टक्के हा आकडा काढणारी माणसं पहाटे उठून आवाजावरून पक्षी मोजतात. त्यांतल्या कित्येकांचे कान लहानपणी रेडिओवर, तबकडीवर तयार झाले असतील.

शंकेखोर : असतील. पण तुमच्या तबकडीतला पक्षी 1936 मध्येच अडकून पडतो आणि बाहेरचा पुढे जातो. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात संशोधकांना असं दिसलं, की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट आपल्या गाण्यातल्या खालच्या पट्टीचे स्वर टाळून वरच्या पट्टीत गातात. रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असते ना. 2007 मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये आढळलं, की दिवसा जिथे फार गोंगाट असतो तिथले रॉबिन रात्री गातात. म्हणजे खऱ्या रॉबिनच्या आवाजात आपली शहरं, आपल्या गाड्या, आपला दोष उमटलेला आहे. घड्याळातला रॉबिन त्यातून सहीसलामत सुटलेला. तो एका शांत जगाचा रहिवासी आहे, आणि तसं जग अजून शिल्लक आहे असं तो तासातासाला सांगत राहतो.

शिवाय मुद्रित आवाज निरुपद्रवी असतो हाही भ्रम. विणीच्या दिवसांत फोनवर दयाळाचं गाणं लावा. आसपासचा नर पिलांना भरवणं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूच्या मागे धावतो. फोटो मिळावा म्हणून हे सर्रास चालतं. सायप्रसमध्ये ब्लॅककॅप पकडणारे रात्रभर त्याचाच आवाज वाजवून थवे जाळ्यात उतरवतात. बंदी आहे, तरी. आपल्याकडे पूर्वी पक्षी पकडायला पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात न्यावा लागायचा, त्याला दाणापाणी द्यावं लागायचं. आता मेमरी कार्ड पुरतं. स्वस्ताई सगळ्यांनाच उपयोगी पडते, हे विसरू नका.

हौशी : हे मी बिनशर्त मान्य करते. रानात स्पीकर लावू नये, विणीच्या काळात तर मुळीच नाही. त्यावर माझ्याकडे सारवासारव नाही. पण घरातल्या भिंतीवरचं घड्याळ त्या गुन्ह्यात सामील होत नाही. तुम्ही फासेपारध्यांच्या जाळ्याचं पाप दिवाणखान्यावर ढकलताय.

आता घरातलंच बघू. 2022 मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या आणि हॅम्बुर्गच्या संशोधकांनी 295 निरोगी माणसांना सहा मिनिटं आवाज ऐकवले, काहींना रहदारीचा, काहींना पक्ष्यांचा. पक्षी ऐकणाऱ्यांची बेचैनी आणि संशयग्रस्तता कमी झाली. यातला एकही पक्षी खिडकीत नव्हता. ही माणसं आपापल्या जागी हेडफोन लावून बसली होती. मुद्रित आवाज, हेडफोन, सहा मिनिटं. ‘कोणालाच उद्देशून नसलेल्या’ गाण्यानं एवढं केलं.

शंकेखोर : तो प्रयोग मलाही माहीत आहे, आणि मला त्याची भीती वाटते. त्यांनी एका गटाला थोड्या जातींचे आवाज ऐकवले, दुसऱ्याला पुष्कळ जातींचे. बेचैनी दोन्हीकडे कमी झाली. म्हणजे रान भरलेलं असो वा निम्मं रिकामं, आपल्या जिवाला बरं वाटायला फरक पडत नाही. एखाद्या बिल्डरनं हे वाचलं तर तो झाडं लावील की लिफ्टमध्ये स्पीकर?

हौशी : अर्धंच वाचलंत. उदास मनःस्थितीवर फरक पडला तो फक्त पुष्कळ जाती असलेल्या आवाजानं. दोन-चार जातींवर तिचं भागलं नाही. माणसाच्या आत कुठेतरी मोजदाद चालू असते, असं मला त्यातून वाटतं. तुमच्या बिल्डरला हेही वाचू द्या.

शंकेखोर : त्याला पहिलं वाक्य पुरेल. आणि आपल्याकडे तो प्रयोग अर्ध्या शतकापासून चालूच आहे की. चिमणीची बेल! मुंबईपुण्याच्या किती दारांवर ती बसली असेल. आत एक ट्रान्झिस्टर, एक इवलासा ट्रान्सफॉर्मर, दोन-चार कपॅसिटर. कुठल्याही चिमणीनं त्यात कधी तोंड उघडलेलं नाही. विजेची कंपनं चढतात-उतरतात आणि आपण म्हणतो, बघ गं कोण आलंय. ज्या वाड्यांत वळचणीला, फोटोच्या मागे चिमणी घरटं करायची ते वाडे पडले, काचेच्या दर्शनी भिंती आल्या, निवडलेलं धान्य पिशवीतून येऊ लागलं आणि अंगणात सूप फिरेनासं झालं. चिमणी गेली, बेल राहिली. आपल्याला आवाजाची उणीव भासलीच नाही, मग पक्ष्याची कशी भासणार?

(इथे लेखकाला मध्ये तोंड घातल्यावाचून राहवत नाही. ती बेल चिमणीसारखी अजिबात वाजत नाही. वाजलीच तर घाबरलेल्या कॅनरीसारखी वाजते. तरी घरोघर ती चिमणीच म्हणवली गेली, आणि याचं दोघांपैकी कोणालाही नवल वाटलेलं दिसत नाही.)

हौशी : चिमणीवर आलातच तर आधी फोनवरचा आळ काढून टाकू. मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या मेल्या हे आपल्याकडे इतकं पक्कं झालं, की 2018 मध्ये रजनीकांतच्या ‘2.0’मध्ये अक्षयकुमार पक्ष्यांचा सूड घेण्यासाठी अख्ख्या शहराचे फोन उडवून नेतो आणि प्रेक्षक मनातून त्याच्याच बाजूचे असतात. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं 2010 मध्ये यावर तज्ज्ञांची समिती नेमली. टॉवरच्या लहरींबद्दल सावधगिरी बाळगावी, अभ्यास वाढवावा असं तिनं सुचवलं. पण टॉवरच चिमण्यांचा मारेकरी, असं ठरवण्याजोगा पुरावा पुढे आलेला नाही. उलट 2020 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात असं दिसलं, की पंचवीसएक वर्षांत देशभरातली चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे. मोठ्या महानगरांत मात्र ती घसरली आहे. टॉवर तर खेड्यातही आहेत. मग शहरात काय वेगळं? तुम्हीच आत्ता सांगितलंत. वळचण नाही, आणि पिलांना भरवायला किडे-अळ्या नाहीत, कारण दाणा खाणारी चिमणीसुद्धा पिलांना आधी किडेच भरवते. तेव्हा फोन निर्दोष, आणि बेल तर निर्दोष आहेच. बेलीनं कोणाचं घरटं मोडलं?

शंकेखोर : खुनाचा आरोप मी बेलीवर ठेवलाच नव्हता. खून झाल्यावर खोलीतला दिवा चालू ठेवणारा माणूसही खुनी नसतो, पण त्याच्यामुळे शेजाऱ्यांना वाटत राहतं की घरात सगळं ठीक आहे. माझी तक्रार एवढीच. जी गोष्ट नाहीशी होताना शांतता पडायला हवी होती, तिथे यंत्रानं शांतता पडू दिली नाही.

हौशी : आणि माझं म्हणणं नेमकं उलट आहे, की यंत्र नसतं तर शांतताही ऐकू आली नसती. हवाईमधल्या काउआई बेटावर ‘ओओ’ नावाचा पक्षी होता. शेवटचा एक नर उरला होता, तो मादीला साद घालत असताना त्याचं मुद्रण झालं. 1987 नंतर तो कोणाला ऐकू आला नाही. ते मुद्रण आज जगभर ऐकलं जातं आणि मध्ये, जिथे मादीनं उत्तर द्यायचं तिथे, काही येत नाही. तुम्ही मगाशी उद्देशाबद्दल बोललात. उद्देश असलेलं आणि उत्तर नसलेलं गाणं म्हणजे काय, हे मला त्या यंत्रानं समजावलं. रान मला ते समजावू शकलं नसतं, कारण त्या रानात आता तो पक्षीच नाही.

शंकेखोर : तुम्हाला समजलं, कारण तुम्हाला आधी गोष्ट ठाऊक होती. गोष्ट न सांगता तोच आवाज घड्याळात सात वाजता घातला असता तर?

हौशी : तर कोणीतरी विचारलं असतं, हा कोण. तुम्ही घड्याळ ऐकणाऱ्याला फार निष्क्रिय समजता. दृष्टी गेलेल्या माणसाला ते घड्याळ किती वाजले ते सांगतं, न बोलता, न बटण दाबता. त्यासाठी त्याला बारा आवाज वेगळे ओळखावे लागतात. बारा आवाज वेगळे ओळखणारे डोळस तुमच्या ओळखीत किती आहेत? आणि वय झालं की वरच्या पट्टीचे स्वर कानातून पहिल्यांदा जातात. साठी-सत्तरीतल्या अनेकांना शिंजिराची बारीक किलबिल झाडाखाली उभं राहूनही ऐकू येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंही नसतं. त्यांच्यासाठी तो पक्षी बागेत असून नाही. रोज त्याच वेळी वाजणारं घड्याळ त्यांना निदान एवढं सांगतं, की सातला काहीतरी वाजायला हवं होतं आणि मला ते आलं नाही. मग माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो.

शंकेखोर : हा मुद्दा चांगला आहे, मला सुचला नसता. पण तुमच्या दुसऱ्या लाडक्याला तो मारक आहे. साधा टू-जी फोन आवाज नेतो तो साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झच्या खिडकीतून. माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं म्हणून इंजिनियरांनी ती खिडकी तेवढीच ठेवली. तेव्हा कोकणातल्या आजीनं परसात उभं राहून लेस्टरच्या नातवासाठी फोन झाडाकडे धरला, तर कोकिळाचा आवाज बराचसा पोचतो. शिंजिराचा बहुतेक गाळला जातो. फोर-जीवरचा कॉल सात हजारांपर्यंत जातो, तिथे तो थोडा वाचतो. म्हणजे कोणता पक्षी ऐकवायचा, हे आजीच्या खिशावर ठरतं. आणि गंमत बघा, आता शहरातले सुखवस्तू लोक मनःशांतीसाठी मुद्दाम बटणांचा फोन विकत घेतात. 2017 मध्ये नोकियाचा 3310 पुन्हा बाजारात आला तो त्यांच्याच आठवणींवर. आजीची नाइलाजाची खिडकी त्यांच्याकडे छंद म्हणून लटकते. घड्याळाचंही मला तसंच वाटतं. ज्याचा पक्षी गेला त्याच्यासाठी ते केलं असं तुम्ही म्हणता, विकत घेतो तो मात्र ज्याच्याकडे बाग आहे.

हौशी : मग आपण चांगलं घड्याळ करू. भांडून उपयोग नाही. इंग्रजी पक्षी काढा. दयाळ, तांबट, भारद्वाज, बुलबुल, शिंपी, हळद्या, कोकीळ, पावशा घाला. तासाला बांधू नका, सूर्योदयाला बांधा. अंधार झाल्यावर गप्प बसणारा सेन्सर या घड्याळांत आधीपासून असतोच. पुढची पायरी म्हणून ऋतू घाला. पावशा फक्त पावसाच्या तोंडावर. कोकीळ हिवाळ्यात मुका. दयाळ उन्हाळ्यात पूर्ण गळ्यानं, एरवी नुसता ‘स्वी’ करून गप्प. चिपला तारीख कळायला फार खर्च येत नाही. असं घड्याळ ऐकणाऱ्याला बाहेरही कान द्यावासा वाटेल, निदान ताडून बघायला. तुमचा ऋतू आला, वेळ आली, पत्ताही आला.

शंकेखोर : आणि पहिल्याच डिसेंबरात गिऱ्हाईक ते दुकानात परत आणील, वाजत नाही म्हणून. पण समजा नाही आणलं. मला त्या घड्याळाबद्दल एकच विचारायचं आहे. उद्या एखाद्या पेठेतून तांबट गेला, वड-पिंपळ तोडले म्हणून गेला. घड्याळातला तांबट गप्प बसणार की ठोकत राहणार?

हौशी : ... गप्प बसला तर तुमची शांतता पडेल. लोकांना कळेल.

शंकेखोर : आणि अंथरुणावरचा तो माणूस? त्याच्या वाट्याचा शेवटचा पक्षी आपण काढून घेऊ, शहराला धडा मिळावा म्हणून?

हौशी : नाही. तसं करायला माझा हात धजणार नाही. आणि ठोकत राहिला, तर मी तुमचा दिवा चालू ठेवणारी ठरते, हेही मला दिसतं आहे.

बरं, निर्णय आपण नको घ्यायला, मोजणीवर सोडू. देशभरात हजारो हौशी लोक ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर रोजच्या नोंदी करतात. त्या नोंदींवरून पिनकोडनुसार घड्याळ ठरवील, इथे तांबट आहे की नाही.

शंकेखोर : त्या नोंदी बहुतेक स्मार्टफोनवरून होतात. जिथे शिकलेले, वेळ असलेले, महागडी दुर्बीण असलेले लोक राहतात तिथे नोंदींचा पाऊस, आणि जिथे बटणांचे फोन आहेत तिथे कोरड. तुमचं घड्याळ कोरेगाव पार्कात अठ्ठावीस पक्षी वाजवील. मेळघाटच्या कडेच्या एखाद्या गावात, जिथे बाहेर खरोखर रान ओरडतं आहे, तिथे ते नोंद नाही म्हणून गप्प बसेल. न मोजलेला पक्षी आणि नसलेला पक्षी यांत त्याला फरक कळणार नाही.

हौशी : मग मोजणी बटणांच्या फोनवर आणू. त्याला ॲप लागत नाही. ज्या देशानं मिस्ड कॉलवर घरी पोचल्याचा निरोप धाडला, सुनेला पाणी गरम करायला सांगितलं, पिक्चरला निघायची वेळ ठरवली, तिथे हे अवघड नाही. प्रत्येक पक्ष्याला एक नंबर. तांबट ऐकला की तांबटाच्या नंबरवर मिस्ड कॉल. पैसे शून्य. टॉवरवरून साधारण परिसर मोबाइल कंपनीला कळतो. मेळघाटातलं ते गाव महिन्याभरात तुमच्या कोरेगाव पार्काच्या पुढे जाईल, आणि घड्याळ त्याप्रमाणे बोलायला लागेल.

शंकेखोर : सुरेख. आणि सकाळी सात वाजता, ज्याच्या भिंतीवर तुमचं घड्याळ टांगलं आहे अशा घरातून तांबटाच्या नंबरवर मिस्ड कॉल आला, तर त्यानं कोणता तांबट ऐकला, हे तुम्ही कसं ठरवणार?

हौशी : उलटा फोन करून विचारू.

शंकेखोर : त्यालाही सांगता आलं नाही तर?